काळ्यातलं काळं

नाकाडोंगरीच्या परिसरात डोंगरी बुजुर्गची मॅंगनीज खाण आहे. या पट्ट्यात नवखा भूवैज्ञानिक आला, की मी त्याला खनिजाच्या ढिगापाशी उभं करून विचारतो, काय दिसतंय? सगळं काळंच, असं उत्तर येतं. त्याच ढिगात, त्याच उन्हात, हाताने दगड निवडण्यात मुरलेल्या बाईला चांगला माल, हलका माल आणि निव्वळ दगड वेगळे दिसतात.

हा फरक डोळ्यांचा नाही, मेंदूचा आहे. दुपारच्या उन्हातला काळा दगड डोळ्यांत जितका प्रकाश पाठवतो, तितका दिव्याखालचा पांढरा कागदही पाठवत नाही. तरी दगड काळा आणि कागद पांढराच दिसतो. कारण मेंदू प्रत्येक गोष्ट शेजारच्या गोष्टीशी ताडून बघतो. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी 10 कोटींच्या घरात, पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू सुमारे 10 लाखच. त्यामुळे निवड डोळ्यातच सुरू होते. एकसारखं ते मागे पडतं, कडा आणि फरक पुढे जातात.

त्या फरकांना अर्थ द्यायला मात्र शिकावं लागतं. मॅंगनीजच्या खनिजांपैकी पायरोलुसाइट मऊ, बोटं काळी करणारं. सिलोमेलेन कठीण, कधी द्राक्षाच्या घडासारखं फुगीर. ब्राउनाइटला तपकिरी झाक. सगळ्यात फसवा गोंडाइट. भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांनी गोंड जमातीवरून नाव दिलेला हा गार्नेट आणि क्वार्ट्झचा खडक उघड्यावर काळं पुट धरतो आणि खनिजात सहज खपून जातो. हातोडीने फोडला, की ताज्या भंगावर गार्नेटचे नारिंगी-तपकिरी कण दिसतात, आणि हातालाही तो हलका लागतो.

म्हणून मी वर्णनं पाठ करून घेत नाही. जवळपास सारखे दिसणारे दोन तुकडे हातात देतो: उचल, फोड, ओला कर, पुन्हा बघ. हाताला कळलेलं वजन हळूहळू नजरेत उतरतं. मग दगड न उचलताही तो जड असल्याचं जाणवतं.

अहवालात मॅंगनीजची टक्केवारी प्रयोगशाळेची असते. त्याआधीची पहिली पारख निवडणाऱ्या बाईच्या नजरेने केलेली असते. ती नजर साधी मजुरी म्हणून नव्हे, कमावलेलं कौशल्य म्हणून मोजली जावी, आणि तिचा दामही तसाच मिळावा.