वली फाटी

2020 च्या मे महिन्यात, लॉकडाउनमध्ये, ई-पास काढून आम्ही ठाण्याहून गावी, गडबला आलो, तेव्हा मागच्या पडवीतल्या चुलीत मांजरीनं पिल्लं घातली होती. आजी गेल्यापासून ती चूल पेटलीच नव्हती. पुढच्या खोलीत गॅस, न्हाणीत गीझर. मांजरीला आम्ही उठवलं नाही, तशी गरजच नव्हती.

गरज 3 जूनला पडली. त्या दुपारी निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा म्हणजे काय, ते आकड्यातून कळत नाही. आमच्या कौलांचा आवाज मला पत्त्यांची कॅट पिसल्यासारखा आला होता, एवढंच सांगतो. संध्याकाळी बाहेर आलो तर परसातला आंबा आडवा, शेवगा मधोमध मोडलेला आणि विजेचे खांब शेतात वाकून उभे. वीज गेली ती दोन आठवड्यांहून जास्त. रस्त्यावर झाडं पडलेली, त्यामुळे सिलिंडर कधी येईल ते कुणीच सांगेना. बाबांचं वय 74, अंघोळीला कढत पाणी हवंच. माळ्यावरून तांब्याचा बंब उतरवला, मांजरीनं तोवर पिल्लं आपणहून हलवली होती, आणि मी चुलीचा मालक झालो.

जळणाची मला मुळीच काळजी वाटली नाही. गावभर लाकूडच लाकूड पडलं होतं आणि तेही फुकट. मी कोयता घेतला आणि दोन दिवस आंब्याच्या फांद्या तोडून परसात हा ढीग रचला. तिसऱ्या दिवशी चूल पेटवायला बसलो. रॉकेल घातलं, वर्तमानपत्रं घातली, फुंकणीनं फुंकून कानात दडे बसले. फांद्यांच्या टोकांतून पाण्याचा फेस बाहेर येत होता, सालीखाली सूं-सूं आवाज चालला होता आणि पडवी धुरानं भरून गेली होती. जाळ मात्र कागदापुरता.

धूर बघून शेजारच्या काकी आल्या. सत्तरीच्या. त्यांनी ढिगातलं एक लाकूड उचललं, हातावर तोललं आणि परत टाकलं.

“वली फाटी हाय ही, बाला. जलनार नाय, ररनार.”

आगरी बोलीत ड चा र होतो आणि ळ चा ल. वली फाटी म्हणजे ओलं जळण; ते रडणार, असं त्या म्हणत होत्या. रडत मी होतो.

नव्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. चुलीत घातलं की आधी ते पाणी उकळून वाफ व्हायला हवं, सगळी ऊब त्यात खर्ची पडते, आणि भांड्याला मिळतो तो धूर. मी शाळेत भौतिकशास्त्रात बरे गुण मिळवले होते. हे गणित मला कळायला काकी लागल्या. त्यांनी दोन लाकडं एकमेकांवर आपटून दाखवली. सुकं असेल तर खणकन वाजतं, ओलं असेल तर भिजल्या कपड्यासारखं थप्प. टोकाला भेगा पडल्यात का बघायचं, साल नखानं निघते का बघायचं. “ही आंब्याची फाटी आता पुढल्या आगोटीला,” असं म्हणून त्या निघाल्या. म्हणजे आणखी एका वर्षानं.

आगोट हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता, पण तो मला सुक्या बोंबलांपुरताच माहीत होता. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढं सगळं घरात भरून ठेवायचं, ती आगोट. तांदूळ, मीठ, मसाला, सुकी मासळी, आणि त्याच यादीत जळण. माघ-फाल्गुनात तोडून आणायचं, चैत्र-वैशाखाच्या उन्हात पडू द्यायचं, मृगाच्या आत पडवीत रचायचं. मी नेमका मृगाच्या चार दिवस आधी कोयता हातात घेतला होता.

मग सुकी फाटी शोधणं आलं. गडबच्या पश्चिमेला धरमतर खाडीच्या अंगानं पसरलेली खारेपाटाची भातशेती, पूर्वेला डोंगर. खाऱ्या जमिनीत झाड सहज धरत नाही. बांधावर कुठे भेंडी, कुठे बाभूळ. म्हणून खारेपाटात पूर्वी शेणी आणि खाडीकाठची तिवरं हेच जळण. मलाही बंदराकडच्या वाटेवर तिवराचं वाळलेलं खोड दिसलं आणि हात शिवशिवले. काकींनी अडवलं. 2005 साली उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवनं तोडायला बंदी घातली, हे त्यांना तारखेसह नाही, पण परिणामांसह ठाऊक होतं. वादळात बांध टिकतात ते तिवरांमुळे, हे मात्र त्यांना न्यायालयाच्या आधीपासून माहीत असणार.

दुसरं शहाणपण भांडणातून आलं. गावाबाहेरच्या एका बांधावर बाभळीची मोठी फांदी पडली होती. सुकलेली, खणखणीत. मी ती ओढत निम्म्या वाटेवर आणली आणि मागून हाक आली. फांदी पडलेली असली तरी बांध कुणाचा तरी असतो आणि ज्याचा बांध त्याची फांदी. त्या गृहस्थांनी पुष्कळ ऐकवलं. त्यांचं सगळंच बरोबर होतं. संध्याकाळी बाबा त्यांच्याकडे गेले, दोघं जुन्या ओळखीचे निघाले, आणि ती फांदी दुसऱ्या दिवशी त्यांनीच टेम्पोतून पाठवली. बदल्यात मला त्यांच्या मुलीचे ऑनलाइन प्रवेशाचे अर्ज भरून द्यावे लागले. एकंदरीत ती फांदी मला विकतच्या जळणाहून महाग पडली.

आमच्याच जागेत, डोंगराच्या पायथ्याला, एक ऐन अर्धवट कलला होता. घरचंच झाड, म्हणून करवतवाल्याला विचारायला निघालो, तर बाबांनी थांबवलं. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात सोळा झाडं आहेत. साग, खैर, ऐन, किंजळ, मोह, हिरडा, जांभूळ, अगदी आंबा, फणस आणि चिंचसुद्धा. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडायचं नाही. ऐनाची निम्मी मुळं अजून मातीत होती. ते झाड उभंच राहिलं, अजूनही तिरकं उभं आहे. त्याच्या वाळून पडलेल्या फांद्या तेवढ्या मी आणल्या.

डोंगरावर काकी मला एकदाच घेऊन गेल्या, त्यांच्या दोन सुनांबरोबर. सुनांच्या हातात आकडी. लांब काठीला पुढे आडवं नाक, झाडावरची सुकी फांदी तिनं ओढली की कटकन मोडते, ओली लवते. झाडालाच विचारून घेण्याची ही रीत मला फार आवडली. पडलेलं लाकूड उचलण्याआधी त्या काठीनं दोनदा ठोकायच्या. खाली फुरसं असतं. मी पहिल्यांदा न ठोकता हात घातला तेव्हा धाकट्या सुनेनं जी किंकाळी फोडली, ती फुरशाहून भयंकर होती.

उतरताना त्या तिघींच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मोळी. मी मोळी खांद्यावर घेतली, कारण पुरुषानं डोक्यावर घेतली तर गाव हसेल असं मला वाटलं. तासाभरात खांदा सोलवटला. गाव हसलंच. मोळी डोक्यावर असली की वजन सरळ मणक्यातून पायात उतरतं, खांद्यावर ती माणसाला एका बाजूनं पाडत राहते. पेणच्या बाजारात मोळ्या विकायला येणाऱ्या कातकरी बायकांना मी लहानपणापासून पाहत होतो. त्यांच्या मोळीला बाबा भाव करायचे, ते आठवून त्या दिवशी मला उगीच शरमल्यासारखं झालं.

चिरनेरचा सत्याग्रहही मला तोवर परीक्षेतल्या प्रश्नासारखाच ठाऊक होता. उरण तालुक्यातलं चिरनेर, अक्कादेवीचं रान, 25 सप्टेंबर 1930. रानातलं लाकूड आणि चारा सरकारनं बंद केला म्हणून आगरी, कोळी, कातकरी माणसं कोयते घेऊन रानात शिरली आणि गोळीबारात आठ जण मेले. त्यांत नाग्या कातकरी होता. फाटीसाठी माणूस जिवावर उदार का होतो, हे पावसाळ्यात चूल विझलेल्या घरात बसल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

जुलैत गॅस आला, वीजही नीट झाली. तरी बंब मी चालू ठेवला. आता थोडी अक्कल आली होती. चुलीच्या वर बांबूची फळी टांगली आणि उद्याची फाटी आज तिच्यावर ठेवायला लागलो. पेटवायला सुक्या झावळ्या, मग करवंट्या, मग जाड लाकूड. शेवगा कागदासारखा भुर्रकन जातो, पांगारा आणि सावर नुसते धुपतात, बाभळीचा निखारा तास तास मरत नाही. रात्री डोलवीच्या पोलाद कारखान्याचा तांबूस उजेड आभाळात दिसायचा. तिथल्या भट्टीवाल्यांनाही पहिल्या दिवशी इतका धूर खावा लागला असेल का, असा विचार यायचा.

महामार्गावरच्या ढाब्यांवर हल्ली ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या असतात. काकींना एकदा ती पाटी वाचून दाखवली. त्यांना खोकल्याची उबळ आली आणि हसूही. त्यांच्या घरी भाकऱ्या चुलीवर होतात, पण चहा कधीच नाही, तो गॅसवर.

जानेवारीत वालाला शेंगा धरल्या आणि पोपटीचा बेत ठरला. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, तोंडाशी परत पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. मी ऐनाची चार निवडक लाकडं घेऊन शेतात गेलो. सात महिने जपलेली, एकावर एक आपटली की टाळांसारखी वाजणारी. काकींनी ती वाजवून पाहिली, मान डोलावली आणि बाजूला ठेवून दिली. पोपटीला पेंढा, पालापाचोळा आणि काटक्यांचा झपाट्याचा जाळ लागतो. अर्ध्या तासात मडक्यावर पाण्याचे थेंब मारले की चर्र झालं पाहिजे. असल्या लाकडानं मडकंच फुटायचं.

शेंगा खाऊन हात पुसेपर्यंत रात्र झाली. ऐनाची लाकडं न्यायची मी विसरलो. सकाळी शेतात गेलो तर ती नव्हती. काकींच्या पडवीतून मात्र निळसर, पातळ, सुक्या फाटीचा धूर वर चढत होता.