पिल्लू की मोठा कुत्रा?

शेरूला जाऊन सात महिने झाले. गेला म्हणजे नेला. राजुऱ्यात आमचं घर गावाच्या टोकाला आहे. मागे कापसाचं शेत, त्यापलीकडे झुडपी जंगल. त्या सकाळी अंगणात साखळी होती, शेरू नव्हता. ठसे बघून वनविभागाच्या माणसाने बिबट्या म्हणून सांगितलं आणि बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

आमच्या भागात हे नवीन नाही. 2020 मध्ये आरटी-1 नावाचा वाघ ऑक्टोबरमध्ये पिंजऱ्यात सापडला, तोवर राजुरा परिसरात आठ माणसं गेली होती. तेव्हा मी घरूनच काम करत होतो. कॉल चालू असताना बाबा शेताकडे निघाले की माझं लक्ष उडायचं.

दिवाळीत घरी आलो तर बाबांनी ठरवूनच टाकलं होतं, पिल्लू आणायचं. "लहानपणापासून वाढवलं का आपलं होते. मोठा कुत्रा दुसऱ्याचाच राह्यते."

मी इंजिनिअर, म्हणून एक्सेल उघडलं. (हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं.) पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. तीन महिन्यांनंतर रेबीज. पहिले काही महिने रात्री उठून त्याला बाहेर न्यायचं, आणि आईचे गुडघे तर पायरीवरच कुरकुरतात. शिवाय आमच्याकडे रात्री पिल्लू घेऊन अंगणात उभं राहणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. अकोले तालुक्यात विद्या अत्रेयांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला, सुमारे 39 टक्के. मोठ्या कुत्र्यालाही तो सोडत नाही, शेरूला कुठे सोडलं. म्हणजे रात्री दोघांनाही घरातच घ्यावं लागणार. फरक एवढाच, की मोठ्याचा आकार, आवाज, स्वभाव आणण्याआधीच दिसतो.

पिल्लाच्या बाजूनेही मी प्रामाणिकपणे लिहिलं. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात त्याला माणसं, गाय, मोटरसायकल, फटाके सगळं दाखवलं तर ते पुढे बुजत नाही. मोठ्याच्या मनात आधीच काय बसलंय, ते आपल्याला नंतर कळतं.

शेवटची ओळ होती आयुष्य. नीट सांभाळला तर गावठी कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. बाबा 66. बेरीज केली आणि ओळ डिलीट केली.

आईने मात्र बेरीज शीटशिवायच केली होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "पिल्लू आमच्यापेक्षा जास्त जगलं, तर पुण्याले नेशील का तू त्याले?"

माझा फ्लॅट भाड्याचा, तिसऱ्या मजल्यावर, करारात पाळीव प्राणी चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं. मी म्हणालो, बघू. ती काही बोलली नाही, भाकरी उलटली.

चंपी आम्हाला एका चहाटपरीपाशी मिळाली. टपरीवाला गाव सोडून चालला होता. तांबूस रंग, एका कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. दात बघून डॉक्टर म्हणाले, पाचेक वर्षांची असेल. बाबा रुसले. तीही रुसली, दोन दिवस अन्नाला शिवली नाही, फाटकाकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी बाबांनी आईला न सांगता तिच्यापुढे दूध-भाकर ठेवली, हे मला आईनेच सांगितलं.

खरं सांगायचं तर मी अजून खात्रीने म्हणत नाही की निवड बरोबर होती. फटाक्यांना ती घाबरते, शेजारच्या पोरांवर गुरगुरते, आणि माझ्यावर भुंकते, कारण मी वर्षातून तीनदा येणारा पाहुणा. पण शेरूला बाबांनी नऊ वर्षं घराच्या आत पाय ठेवू दिला नव्हता. कुत्रं अंगणातच शोभते, म्हणायचे.

काल संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल केला. पीएफचं काहीतरी विचारत होतो. ते मधेच म्हणाले, "थांब बाबू, चंपीले आत घेतो." फोन खाटेवर तसाच ठेवून गेले. मला फक्त छत दिसत होतं, आणि दाराची कडी लागल्याचा आवाज आला.