नफा आणि न्याय

व्यापारधंदा करणाऱ्या आमच्या भाविकांच्या मनात एक शंका घर करून असते. रविवारी मिस्सेत ते उंट आणि सुईचे नेढे यांविषयीचे प्रभूचे वचन ऐकतात आणि सोमवारी दुकान उघडताना त्यांना वाटते, आपला हा व्यवसाय प्रभूला आवडत नसावा. नफा हेच मुळात पाप आहे काय? काही जण ही शंका दडपून टाकतात आणि देऊळ वेगळे, दुकान वेगळे अशी वाटणी करून मोकळे होतात. ही वाटणी आम्हांला त्या शंकेहून अधिक घातक वाटते.

ख्रिस्तसभेने नफ्याला कधीही पाप म्हटलेले नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात क्रयविक्रयाचा स्वतंत्र विचार केला. नफा स्वभावतः पुण्यही नाही आणि पापही नाही. तो कोणत्या हेतूने मिळवला यावर त्याची योग्यता ठरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कुटुंबाच्या पोषणासाठी, गरजवंतांच्या साहाय्यासाठी आणि स्वतःच्या श्रमाचा मोबदला म्हणून बेताचा नफा घेणे त्यांनी उचित मानले. १ मे १९९१ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘सेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनीही धंदा नीट चालल्याची खूण म्हणून नफ्याला मान्यता दिली. मात्र हिशेबाच्या वह्या चोख असतानाच त्या धंद्यात राबणाऱ्या माणसांची अप्रतिष्ठा होत असू शकते, असेही त्यांनी बजावले.

मग न्याय्य नफा ओळखावा कसा? संत थॉमस यांनी त्यासाठी फार सोपी कसोटी दिली आहे. वस्तू हातची गेल्याने विक्रेत्याचे विशेष नुकसान होत असेल, तर तेवढे त्याने किमतीत धरावे. परंतु केवळ ग्राहक अडला आहे म्हणून किंमत वाढवू नये. कारण ती अडचण ग्राहकाची आहे. विक्रेत्याने ती निर्माण केलेली नाही आणि ती त्याच्या मालकीचीही नाही. जे आपले नाही ते विकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ही कसोटी जुन्या काळापुरती नाही. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरू लागली तेव्हा केंद्र सरकारला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंमध्ये घालावे लागले. तीन पदरी मास्कला १० रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत बांधून द्यावी लागली. ज्या दुकानदाराला माल महाग मिळाला त्याने तो त्या प्रमाणात महाग विकला, तर त्यात अन्याय नव्हता. परंतु आधीच्या दराने भरून ठेवलेला माल ज्याने दुप्पट-तिप्पट दराने विकला, त्याने मास्क विकला नाही. त्याने माणसाची भीती विकली.

यावर आमचे व्यापारी बंधू म्हणतील, “फादर, दर आम्ही ठरवत नाही, बाजार ठरवतो.” यात तथ्य आहे. वसईचा मोगरा पहाटे खुडून दादरच्या बाजारात नेणाऱ्याला सणाच्या दिवशी चढा दर मिळतो. पण पावसात फुले भिजली की सारा खर्च अंगावर पडतो. नाशवंत मालाचा हिशेब वर्षाचा असतो, एका दिवसाचा नव्हे. चार दिवस तोटा सोसणाऱ्याने पाचव्या दिवशी तो भरून काढला, तर त्याला नफेखोर म्हणू नये. तथापि बाजार आपल्याला इतकेच सांगतो, की किती पैसे मिळू शकतील. त्यांतले किती घ्यावेत, हे ठरवण्याची जबाबदारी बाजारावर ढकलता येत नाही.

पाण्याचेच पाहा. वसईत विहिरींचे पाणी उपसून टँकरने इमारतींना विकले जाऊ लागले, तेव्हा विहीर आपली म्हणून पाणीही आपले, असा अनेकांनी समज करून घेतला. पण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते. उपसा अतोनात झाला की समुद्राचे खारे पाणी आत सरकते आणि ज्याने एक थेंबही विकला नाही अशा शेजाऱ्याची केळीची बाग करपते. हिशेबात दिसणाऱ्या नफ्याचा काही भाग शेजाऱ्याच्या विहिरीतून आलेला असतो.

मजुरीलाही हाच नियम लागू आहे. १५ मे १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी म्हटले आहे, की निकडीपोटी मजूर अपुऱ्या मजुरीला कबूल झाला, तरी तेवढ्याने तो करार न्याय्य ठरत नाही. नाक्यावर सकाळपासून ताटकळलेला माणूस दुपारी निम्म्या मजुरीवर यायला तयार होतो. ग्राहकाची अडचण जशी दुकानदाराची नव्हे, तशी या माणसाच्या घरची उपासमार मालकाची नव्हे. तिच्यातून वाचवलेले पैसे ही मालकाची बचत कशी म्हणावी? राखून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोबाने धनवंतांना सुनावले आहे.

अन्यायाने मिळालेल्या नफ्याचे काय करावे? आमच्या समाजात यावर एक सोयीचे उत्तर आहे: देवळाला देणगी द्यावी. पण जक्कयाची कथा नीट वाचावी. त्याने अर्धे धन गरिबांना दिले, हे आपण लक्षात ठेवतो. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने वचन दिले, हे मात्र विसरतो. दान परतफेडीची जागा घेऊ शकत नाही. ज्याचे घेतले तो सापडत नसेल, तर ते गरिबांना द्यावे, अशी ख्रिस्तसभेची परंपरा आहे. पण तो जर आपल्याच धर्मग्रामात, चार बाकांमागे बसत असेल, तर ते पैसे आधी त्याच्याकडे गेले पाहिजेत. देणगी स्वीकारणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनीही हा क्रम पाळण्याचा आग्रह धरला पाहिजे. संगमरवरी पाटीवर कोरलेले नाव थकलेल्या मजुरीची पावती होऊ शकत नाही.

उपवासकाळात आपण मांसाहार वर्ज्य करतो. त्याच्या जोडीला प्रत्येक व्यापारी कुटुंबाने एका संध्याकाळी एकत्र बसून वर्षाची खतावणी उघडावी आणि जमेच्या प्रत्येक मोठ्या रकमेपुढे विचारावे: हे आपल्या श्रमाचे, जोखमीचे, कौशल्याचे आहे काय? की दुसऱ्याच्या अडचणीचे? पहिल्या प्रकारचा नफा निःसंकोचपणे घ्यावा आणि देवाचे आभार मानावेत. दुसऱ्या प्रकारचा ज्याचा आहे त्याला पोहोचता करावा.