मानेची पुढची बाजू

मान आखडली की आमच्याकडे आधी उशी उन्हात जाते. मग शेक, मग बाम, मग पायाळू माणसाचा शोध. बहुतेकांची मान एवढ्यात मोकळी होतेच, म्हणून या उपायांना मी नावं ठेवत नाही. जळगावला माझ्याकडे येतात ते त्यातून उरलेले. रावेर-यावलकडचे केळीचे घड वाहणारे, भुसावळहून रेल्वेची रात्रपाळी करून आलेले, धुळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकल हाकणारे. ओझं, जागरण, खड्डे यांत कारण लगेच सापडतं, आणि मला भीती वाटते ती या लगेच सापडलेल्या कारणाची. म्हणून मानेला हात लावायच्या आधी मी पेशंटला पाणी देतो. ‘‘आप्पा, एक घोट घ्या,’’ म्हणतो आणि चेहऱ्याकडे बघत राहतो.

नुसती लचक भरलेला माणूस मान ताठ ठेवून का होईना, पाणी सहज पितो. ठिबकच्या नळ्या अंथरणारा चाळिशीतला एक जण मात्र घोट तोंडात धरून बसला. डोळे मिटले, खांदे वर घेतले आणि मग कसाबसा गिळला. ‘‘मान दुखी ऱ्हायनी, पन घास उतरत नही,’’ म्हणाला. अंगात कणकण होती. जबडा पूर्ण उघडत होता, म्हणजे धनुर्वाताची धास्ती कमी झाली. बॅटरी मारून पाहिलं तर घसा लाल नव्हता आणि मानेमागचे स्नायू दाबले तरी फारसं दुखत नव्हतं. घसा दुखतो पण लाल नाही, मान ताठ पण मागून मऊ. मग दुखणं या दोहोंच्या मधे, घशाच्या मागच्या भिंतीला आणि मणक्यांच्या पुढे असायला हवं.

तिथे लाँगस कोलाय नावाचा स्नायू आहे. त्याच्या वरच्या टोकाच्या कंडरेत कधी कॅल्शियमचे स्फटिक साचतात. ते फुटले की कंडरा सुजते आणि घशामागे पाणी जमतं. हार्टली यांनी १९६४ साली हे दुखणं नोंदवलं. बाजूने काढलेल्या एक्स-रेत दुसऱ्या मणक्यापुढची मऊ सावली मोठ्या माणसात साधारण ६-७ मिलिमीटरच्या आत असते. या माणसाची बरीच जाड होती. सीटी स्कॅनमध्ये पहिल्या-दुसऱ्या मणक्यापुढे कॅल्शियम दिसलं, तांदळाच्या कणीएवढं.

प्रश्न होता पुवाचा. घशामागच्या गळवातही मान ताठते, ताप येतो, गिळताना दुखतं, आणि ते गळू श्वास कोंडू शकतं. पण डाय देऊन केलेल्या सीटीत पाण्याभोवती उजळलेली कडा नव्हती, हाडही खाल्लेलं नव्हतं. हाड बघावंच लागतं, कारण आपल्याकडे मणक्याचा क्षय कधीच विसरून चालत नाही; तो मात्र सहसा आठवडे-महिने घेत येतो. या माणसाला चीर लागली नाही, सलाइनमधून अँटिबायोटिकही लागलं नाही. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि मऊ पट्टा एवढ्यावर पंधरवड्यात तो पुन्हा शेतात गेला.

पोरसवदा मुलीची मान अचानक एका बाजूला पिळते, डोळे वर चढतात, घरचे ‘अंगात आलं’ म्हणतात, तेव्हा मी विचारतो, ‘‘ताई, उलटीचं इंजेक्शन दिलं होतं का हिला?’’ मेटोक्लोप्रामाइडने असं होतं, आणि प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बहुधा थोड्याच वेळात मान सरळ होते.

सलूनमध्ये मान मोडून घ्यायची सवय मात्र मला खरोखर छळते. झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. एका बाजूला, पूर्वी कधीच दुखलं नव्हतं असं दुखतं. त्याच बाजूची पापणी उतरलेली आणि बाहुली बारीक असेल तर मालिश नाही, ट्रॅक्शन नाही. तडक रक्तवाहिन्यांचा सीटी, कारण लकवा मागोमाग येऊ शकतो.

आणि सत्तरीच्या आजीबाई. ताप, मान वळवताच किंचाळी. मेंदूज्वर म्हणून पाठीतलं पाणी काढायची तयारी झालेली. ते काढावंच, मेंदूज्वराला वाट बघायला लावू नये. पण पाणी स्वच्छ आलं तर दुसऱ्या मणक्याच्या सुळक्याभोवती स्फटिक शोधावेत. क्राउन्ड डेन्स सिंड्रोम म्हणतात त्याला. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी किंवा कोल्चिसिनने तो उतरतो. नेहमीच्या डोक्याच्या सीटीत ही जागा निसटते. म्हणून रेडिओलॉजिस्टच्या चिठ्ठीवर मी नुसतं ‘मानदुखी’ लिहीत नाही. मान कुठल्या बाजूला वळवली की दुखतं, गिळताना दुखतं की नाही, ताप किती, हे लिहितो आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्याचे बारीक काप मागतो.