लेखणी आणि हात

सेवानिवृत्त शिक्षकाजवळ वेळ पुष्कळ असतो, पण त्याचें ऐकून घेणारीं माणसें थोडीं उरतात. वर्गांतील पन्नास मुलांना गप्प बसविण्याची संवय झालेला मनुष्य घरीं बसला म्हणजे घरच्याच मंडळींस शिस्त लावूं पाहतो, आणि मंडळी कंटाळतात. हें आपल्या हातून होऊं नये म्हणून मीं एक हस्तव्यवसाय पत्करला. गेलीं सहा वर्षें मी लांकडाच्या लेखण्या कातीत आहें.

आमचें घर सावंतवाडीस. येथील चितारआळींतलीं रंगीत लांकडी फळें पाहिलीं नाहींत असा वाचक विरळा. लहानपणापासून कातार्‍याच्या फिरत्या लांकडाकडे मी उभा राहून पाहत असें. परंतु आपणहि पटाशी हातांत धरावी, हें सुचावयास साठी उलटावी लागली. ज्या वृद्ध कारागिरानें मला हें काम शिकविलें, त्यानें पहिल्या दिवशीं एकच पाठ दिला: “गुरुजी, दाबूं नकात. धारेक तिचां काम करूंक देवा.” हा पाठ मला कळला आहे असें त्या दिवशीं वाटलें. खरोखर कळावयास बराच अवधि लागला, तेंच आज सांगावयाचें आहे.

लेखणीची कृति थोडक्यांत अशी. सुमारें वीस मिलिमीटर चौरस जाडीचे लांकडाचे दोन तुकडे घ्यावयाचे, आणि त्यांतून लांबीच्या दिशेनें सात मिलिमीटरचें आरपार छिद्र पाडावयाचें. त्यांत पितळेची पातळ नळी चिकटवून तुकड्यांचीं तोंडें नळीशीं काटकोनांत तासावयाचीं. मग ते तुकडे लेथवरील बारीक कांबीवर ओवावयाचे. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांस पोलादी कड्या असतात. त्या कड्यांच्या जाडीशीं लांकूड नेमकें मिळालें पाहिजे; नाहींतर टोंकाचा धातूचा भाग बसविल्यावर सांधा बोटास टोचतो. म्हणजे दोन्ही टोकें ठरलेलीं असतात. मधली दोन इंच जागा तेवढी कारागिराच्या स्वाधीन.

ह्या दोन इंचांत मीं काय काय अपराध केले, तें सांगूं लागलों तर अंक पुरणार नाहीं. छिद्र पाडतांना घाई केली. गिरमिट मधून मधून बाहेर काढून भुसा झाडला नाहीं. लांकूड तापून चिरलें. सागवानाला अंगचें तेल असतें, तें स्पिरिटनें पुसून काढल्यावांचून नळी चिकटविली. महिन्याभरांत ती आंतल्या आंत फिरूं लागली. शिसवाच्या भुशानें आठ दिवस शिंका दिल्या. फणसाच्या पिवळ्याधमक रंगावर भुललों. वर्षभरांत तो उजेडानें तपकिरी झाला. ओलें लांकूड कातलें तें वाळल्यावर अंडाकृति झालें. पुढें थोडी गति आली, तेव्हां सागवान तिरपें कापून मध्यें फणसाची पातळ पट्टी बसवावी, काळ्या शिसवाचें वेढें घालावें, असे प्रयोग सुरू झाले. जुन्या घराच्या दुरुस्तींत माजघराची सागवानी चौकट निघाली होती. तिचे तुकडे मीं जपून ठेविले होते. त्यांतून घरांतील प्रत्येकासाठीं एक अशा बारा लेखण्या केल्या. बाराहि अगदीं सारख्या! कित्ता गिरवून घेण्यांत जन्म गेलेला शिक्षक दुसरें काय करणार?

परंतु बारा सारख्या लेखण्या बारा हातांत गेल्या, आणि माझें शास्त्र डळमळूं लागलें. वहिनींच्या बोटांना संधिवात. बारीक लेखणी घट्ट आवळावी लागते, त्यानें बोटें दुखतात, म्हणून त्यांना जाडजूड पोटाची पाहिजे. सूनबाईला हलकी पाहिजे. पुतण्या अंगठा दुमडून धरतो. त्याला मधली उंचवटी आड येते. मीं एकेकाची लेखणी परत घेतली, लिहितांना बोटें कोठें टेंकतात तें पाहिलें, आणि त्याप्रमाणें नव्या कातल्या. येथवर मी स्वतःवर बराच प्रसन्न होतों.

शेवटीं आठ वर्षांच्या नातीची पाळी आली. ती डावखुरी आहे. तिला मीं हौसेनें झरणी करून दिली होती. निब कागदांत रुतूं लागली आणि ओल्या शाईवरून तळहाताची कड फिरून सारी ओळ फरकटली. मीं संवयीनें म्हणालों, “उजव्या हातांत धरून पाहा बरें.” समोर झोपाळ्यावर माझा धाकटा भाऊ नाना बसला होता. तो कांहीं न बोलतां उठला आणि आंत निघून गेला.

नानाहि जन्माचा डावखुरा. तो सहा वर्षांचा आणि मी नऊ वर्षांचा असतां वडिलांनीं त्याच्या कित्त्याची देखरेख माझ्याकडे दिली. डावा हात लेखणीकडे जाऊं नये म्हणून मी तो उपरण्यानें त्याच्या कमरेशीं बांधीत असें. वडिलांची आज्ञा होती हें खरें. पण ती पाळतांना मला वाईट वाटत होतें असें मी सांगूं लागलों तर तें खोटें होईल. मला अधिकार मिळाला होता आणि तो मला आवडला होता. पुढें नाना नोकरीनिमित्त बेळगांवीं असतांना त्याच्या हातचें एकहि पत्र घरीं आलें नाहीं. सारीं पत्रें त्याच्या पत्नीच्या अक्षरांत असत. आम्हीं त्याला आळशी ठरविलें. खिळा ठोकावयाचा, कॅरम खेळावयाचा, झाडावरची कैरी दगडानें पाडावयाची, यांत नानासारखा नेम कोणाचा नव्हता. हीं सारीं कामें तो डाव्या हातानें करी. लाज वाटे ती केवळ अक्षराची, आणि ती मीं लावलेली होती.

शाळेंत तरी मीं निराळें काय केलें? तीस वर्षें संस्कृत शिकविलें. दहांतील सुमारें एक मनुष्य डावखुरा असतो. म्हणजे प्रत्येक वर्गांत चार-पांच मुलें तशीं असलींच पाहिजेत. तीं मला दिसलीं, तेव्हां मीं रूळ उचलला. आणि त्याच वर्गांत ‘सव्यसाची’ हा शब्द मी मोठ्या रसानें समजावून देत असें: सव्य म्हणजे डावा, दोन्ही हातांनीं सारखेंच गांडीव ओढतो म्हणून अर्जुनास हें नांव, असें विराटपर्वांत तो स्वतःच उत्तराला सांगतो. ‘वाम’ म्हणजे डावा आणि ‘वाम’ म्हणजे सुंदरहि, हेंहि फळ्यावर लिहीत असें. शब्दांचे अर्थ तोंडपाठ होते. समोर बसलेल्या मुलांच्या हातांशीं त्यांचा कांहीं संबंध आहे, हें ध्यानांत आलें नाहीं. मुलांत डावें-उजवें करूं नये असें आपण म्हणतों. मीं तें अक्षरशः केलें.

त्या रात्रीं नातीच्या लेखणीचा पुन्हां विचार केला. उजवा हात निब ओढीत नेतो, डावा ती ढकलीत नेतो, म्हणून ती रुततें. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून डावा हात लिहिलेल्या अक्षरांवरूनच सरकतो आणि तीं झांकतोहि. तेव्हां निब काढून टांकली आणि शाई लवकर वाळणारी रिफिल घातली. बोटें टोंकापासून थोडीं दूर राहिलीं तर अक्षर दिसतें. म्हणून टोंकापासून तीन सेंटिमीटरवर लेखणीला बारीकशी कंबर कातावयाची आणि बोटें तेथें विसावतील असें करावयाचें ठरविलें. पहिल्या खेपेस माप माझ्या बोटांचें घेतलें, तिच्या नव्हे. दुसर्‍या खेपेस कंबर इतकी कातली कीं खालची पितळी नळी उघडी पडली. तिसरी मात्र साधली. नातीनें ती डाव्या हातांत धरली, एक ओळ लिहिली, तळहात उलटून पाहिला आणि म्हणाली, “आजोबा, हात स्वच्छ!”

ज्या घरांत असें एखादें मूल असेल, तेथील वडील माणसांस माझी इतकीच विनंति आहे कीं, त्याचा हात बदलूं पाहण्यापूर्वीं लेखणी बदलून पाहावी. तें काम पुष्कळ सोपें आहे.

त्याच चौकटीच्या उरलेल्या सागवानाची आणखी एक लेखणी मीं नानासाठीं कातली. तिच्या कमरेचें माप झोपाळ्यावर तो डुलकी घेत असतां त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवरून घेतलें. लेखणी पुढें केली, तेव्हां जें बोलावयाचें होतें त्यांतलें फारच थोडें बोलतां आलें. त्यानें ती उजव्या हातांत घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाला, “दादा, हा हात आतां शिकला आहे. त्या दुसर्‍याला ह्या वयांत शाळेंत कशाला घालतोस?” मला उत्तर सुचलें नाहीं.

लेखणी मात्र त्यानें परत केली नाहीं. सही तो अजून उजव्या हातानेंच करतो. पण दुपारीं घर निजलें म्हणजे तो ओटीवर वर्तमानपत्रांतील शब्दकोडें घेऊन बसतो, आणि कोणी पाहत नाहींसें वाटलें कीं लेखणी डाव्या हातांत जाते. एकेका चौकोनांत एकेक अक्षर, सावकाश. माझा लेथ ओटीच्या टोंकालाच आहे. मी त्या वेळीं मान खालीं घालून लांकूड घाशीत असतों. तिकडे पाहत नाहीं.