काळी एक

मूळ ग्रंथ हाती नसतो. हाती असतात त्या त्याच्या नकला. नकलांतील भेद ताडून पाहत मुळाकडे जितके जाता येईल तितके जावे आणि साधने संपतात तिथे थांबावे, हे पाठचिकित्सेचे पहिले पथ्य. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावयास घेतली, तेव्हा तिचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्पष्टच सांगितले की, मूळ भारत पुन्हा उभे केल्याचा दावा ही आवृत्ती करीत नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोहोचता येईल तेवढे प्राचीन रूप ती देते. ही शिस्त मी विद्यार्थ्यांना जवळजवळ तीस वर्षे शिकवली. निवृत्तीनंतर ती एका इंग्रजी वाद्यवृंदाच्या गिटारला लावावी लागेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

तो वाद्यवृंद म्हणजे बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ, आणि ते काम मुळात माझे नव्हे, दादाचे. माझ्या या थोरल्या भावाने १९७८च्या सुमारास मुंबईहून एक ध्वनिफीत आणली. ती कुणाच्या तरी ध्वनिफितीवरून उतरवलेली, आणि ती ध्वनिफीत कुणाच्या तरी तबकडीवरून. नागपूरच्या आमच्या घरी माझा सतारीचा रियाज संपला की पलीकडच्या खोलीतून तो जड, संथ, भिंत सरकत यावी तसा आवाज सुरू होई. आई त्याला मालगाडी म्हणे. दादाने पुढे गिटार घेतली, बदल्यांच्या गावोगावी ती नेली आणि टोनी आयोमीचा आवाज आपल्या गिटारमधून काढण्याच्या खटपटीत चाळीस वर्षे घालवली. २०२१ साली तो गेला. वहिनींनी ती गिटार, एक लहानसा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, बुटांच्या खोक्यात भरलेली पेडल्स आणि एक दोनशेपानी वही माझ्याकडे पाठवून दिली. “वन्सं, यातलं काही कळलं तर तुम्हांलाच कळेल,” एवढाच निरोप होता.

वही म्हणजे पाठभेदांचे भांडार निघाले. पानापानावर कळांची वर्तुळे, त्यांत घड्याळाच्या काट्यासारखी रेघ, खाली तारीख आणि शेरा. ‘खर्ज पाच, चिखल.’ ‘खर्ज तीन, बरे.’ आणि बऱ्याच पानांनंतर लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेले, ‘खर्ज शून्य!’

त्या उद्गारचिन्हाचे मर्म कळण्यासाठी मला थोडे वीजशास्त्र वाचावे लागले. गिटारच्या तारेखालील पिकअपमधून निघणारा संकेत अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हला पेलवेनासा झाला की लहरींचे माथे कापले जातात, आणि मूळ स्वरात क्षीण असलेले किंवा नसलेलेही अनेक वरचे स्वरांश उमटू लागतात. इंग्रजीत याला जो शब्द आहे त्याचा अर्थ विकृती असा होतो. आमच्या घराण्याच्या कानाला ही विकृती परकी नव्हती. सतारीच्या घोडीचा माथा कानसीने हळूहळू घासून गुरुजी जवारी लावीत, तेव्हा तारेचा स्वच्छ, मुका स्वर हळूहळू झणत्कारू लागे. तीही एका अर्थी तारेची वाट अडवून तिच्याकडून जास्तीचे स्वर वदवून घेण्याचीच कला. मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर जे लाकडाच्या वा हाडाच्या तुकड्यावर साधतात, ते इथे काचेच्या निर्वात नळीत साधले जाते.

पण सगळा खर्ज तसाच आत सोडला, तर खालचे स्वर व्हॉल्व्हची सारी ताकद आधीच खाऊन टाकतात आणि उरतो तो चिखल. आयोमीने आपल्या लेनी अँप्लिफायरच्या आधी डॅलस रेंजमास्टर नावाची एक डबी जोडली होती. तीत जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर आणि एकच कळ. वरचे स्वरांश उचलून पुढे ढकलायचे आणि खालचे अडवायचे, एवढेच तिचे काम. म्हणजे ज्या आवाजाच्या वजनाने श्रोत्यांच्या पिढ्या दबून गेल्या, त्याची सुरुवात खर्ज काढून टाकण्यापासून होते! मग तो भार येतो कुठून? गीझर बटलरच्या बेस गिटारमधून. बटलर पुष्कळदा आयोमीचीच स्वरावली खालच्या सप्तकात वाजवतो. दोघे मिळून एक वाद्य होतात, आणि बिल वॉर्डचे ढोल त्याला जमीन देतात. दादा एकटा वाजवत होता. भाड्याच्या खोल्यांतून तो अनेकांचे काम एका गिटारकडून करून घेऊ पाहत होता, हे वहीच्या पहिल्या शंभर पानांचे सार आहे.

आयोमीची ती मूळ डबी, कुणीतरी आतून फेरफार केलेली, पुढे नाहीशी झाली. बाजारात मिळतात त्या तिच्या प्रतिकृती. साक्ष उरते ती तबकड्यांची. पहिली तबकडी लंडनमध्ये ऑक्टोबर १९६९मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाहेर आली. वाद्यवृंद, तबकडी आणि पहिले गाणे, तिघांचे नाव एकच. आणि त्या गाण्याच्या मुख्य स्वरावलीत स्वर तरी किती? षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम. पंचमाच्या उंबरठ्याशी येऊन आत न जाणारा तो मध्यम माझ्या कानाला मारव्याच्या वेळेची आठवण देत असे. दादाला हे बोलून दाखवले की तो हसे.

आयोमीच्या हाताची गोष्ट आता सर्वश्रुत आहे. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या अखेरच्या दिवशी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, तारा दाबण्याचा हात नेमका तोच. जँगो राइनहार्ट या जळालेल्या हाताने वाजवणाऱ्या गिटारवादकाची तबकडी ऐकवून त्याला कारखान्यातल्याच एका वरिष्ठाने धीर दिला. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले आणि बारीक तारा लावल्या. या अपघाताने प्रतिभेचे दान दिले, असे लिहिणारे लेख मला सहन होत नाहीत. यंत्रावर बोटे गमावणारे कामगार आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांच्या पदरी शैली पडत नाही, बहुधा कामही राहत नाही. आयोमीने जे केले ते सुताराने अवजाराचा दांडा नीट बसवावा तसे केले. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाचा उजवा हात मी चित्रफितीत पुन्हा पुन्हा पाहिला.

कारण माझ्याही बोटांचा प्रश्न होता. डाव्या हाताच्या तर्जनीच्या आणि मध्यमेच्या टोकाच्या सांध्यांत गेली सहा वर्षे संधिवात आहे. सतार त्यानेच सुटली. दादाने गिटारला जाड तारा चढवलेल्या होत्या. आवाज जड हवा तर तारही जाड हवी, आणि स्वर उतरवायचा तर तार ढिली पडू नये, हे तर्काला धरूनच होते. पण त्या मला दाबवेनात. मी बारीक तारांचा संच मागवला आणि सर्वांत खालची तार पांढरी तीनवरून काळी एकवर उतरवली, बाकीच्याही त्याच मानाने. आयोमीने १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या तबकडीतील अनेक गाण्यांत हेच केले आहे, आणि हेतूही तोच: तार सैल, बोटाला आराम. (आपल्याकडच्या कित्येक गायकांचीही काळी एक हीच पट्टी, हा योगायोग दादाला ठाऊक असता तर त्याने वहीत नक्की टिपला असता.)

वहीत अकरा पानांवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: ‘हेलकावा कुठून?’ तबकडीत प्रत्येक आघातानंतर स्वर क्षणभर वर चढून मग आपल्या जागी बसतो, त्याला दादाने हेलकावा हे नाव दिले होते. त्यासाठी त्याने तीन पेडल्स घेतली, दोन विकली. सैल, बारीक तारेवर मी पहिला आघात केला तेव्हा तो हेलकावा खोलीत होता. तार सैल असली की आघाताने ती ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो; सतारीवर जोराने बोल लावल्यावरही हे घडते. मींडही अशा तारेवर थोड्या बळात निघते. माझ्या हाताला जे जमत नव्हते त्याच्या मागे मागे मी तिथवर गेले. दादाची बोटे शेवटपर्यंत धडधाकट होती.

दादाचा मुलगा पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहे. तो म्हणाला, “आत्या, एवढं कशाला? आता अँप्लिफायरची नक्कल संगणकातच होते.” प्रत्यक्ष अँप्लिफायरमधून चाचणीचा ध्वनी सोडायचा आणि आत काय गेले व बाहेर काय आले यावरून त्याचे वर्तन संगणकाला शिकवायचे, अशी ही रीत. त्याने पाठवलेली नक्कल उत्तम आहे. डोळे मिटून ऐकले तर निवड करणे मला कठीण जाते. पण त्या निमित्ताने आम्ही दोघांनी जुनी तबकडी नव्याने स्वच्छ केलेल्या स्वरूपात ऐकली आणि माझ्यातला संपादक अडखळला. हा पाठ दादाचा नव्हता. त्याच्या वहीत सर्वत्र गृहीत धरलेला आवाज याहून बुजलेला, कडा झिजलेला, मागे सतत खरखर असलेला आहे. लंडनच्या स्टुडिओत तो कधी झालाच नाही. तो दोन नकलांनंतर, एका स्वस्त टेपरेकॉर्डरवर, आमच्या पलीकडच्या खोलीत झाला. प्राचीनतम रूपाकडे जायचे तर दादाला मागे सोडावे लागते, आणि दादाचा पाठ धरायचा तर नकलेलाच प्रमाण मानावे लागते. मी दुसरा मार्ग धरला आहे. सुखठणकरांच्या परंपरेत याला क्षमा नाही.

काम चालू आहे. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह वाढतो आणि आवाज मलूल होतो. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी त्या डबीला हात लावण्यात अर्थ नसतो. पहाटे गारवा असतो, पण शेजारी झोपलेले असतात. अँप्लिफायरची कळ दोनच्या पुढे नेता येत नाही, आणि तेवढ्याने व्हॉल्व्ह डगमगतही नाही. उरतात त्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी. वहीत दादाच्या अखेरच्या नोंदीनंतर एक पान कोरे सोडून मी माझ्या नोंदी सुरू केल्या आहेत, त्याच पद्धतीने, वर्तुळे काढून. सर्वांत अलीकडची अशी: ‘१४ डिसेंबर, सायंकाळ, १९ अंश. खर्ज शून्य. हेलकावा आहे. खरखर नाही.’