पटावरून उचललेली सोंगटी

बुद्धिबळाचा पट आपल्या घरांत नवा नाहीं. परंतु खरीखुरी लढाई नकाशासकट पटावर मांडून खेळण्याची कल्पना तिकडची. प्रशियाच्या लष्करांत १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं असा खेळ रूढ झाला व पुढें तो दिवाणखान्यांत आला. माझ्या पुतण्यांनीं असाच एक पट घरीं आणला आहे. त्याचा विषय लिबियाच्या वाळवंटांतील बीर हकीमची १९४२ सालची लढाई हा आहे. नकाशावर षट्कोनी घरें आणि पुठ्ठ्याच्या प्रत्येक सोंगटीवर एकेका पथकाचें नांव व बळ छापलेलें!

अरबी भाषेंत ‘बीर’ म्हणजे विहीर. पण तेथील विहीर केव्हांच आटलेली होती. गझालापासून दक्षिणेकडे गेलेल्या ब्रिटिश संरक्षक फळीचें हें शेवटचें टोंक. जनरल केनिग यांच्या हाताखालीं स्वतंत्र फ्रान्सचे सुमारें ३,७०० सैनिक तें राखून होते. त्यांत आफ्रिकेंतील व पॅसिफिक बेटांवरील वसाहतींचीहि माणसें होतीं. आग्नेयेस तिसरी हिंदी मोटर ब्रिगेड नुकतीच येऊन उतरली होती. २७ मेच्या सकाळीं रोमेलच्या सैन्यांतील इटालियन रणगाडे तिच्यावर कोसळले आणि ती मोडली.

पटावर ही सारी घटना म्हणजे फांशाचें एक दान. धाकट्या पुतण्यानें ती सोंगटी उचलून डबींत टाकली. “हिचें पुढें काय?” मीं विचारलें. “काका, ती संपली. आतां तिचा खेळाशीं संबंध नाहीं.”

परंतु बीर हकीमला ती संपली नव्हती. पकडलेल्यांपैकीं सुमारें सहाशें हिंदी शिपाई शत्रूनें वाळवंटांतच सोडून दिले. ते तहानेनें व्याकुळ होऊन फ्रेंच ठाण्यापाशीं आले. ठाण्यांतील लोकांनाच पाण्याची ओढ. त्यांत एकाएकीं सहाशें तोंडें वाढलीं. तरी त्यांना आंत घेतलें गेलें आणि ३१ मे रोजीं मोटारींच्या तांड्याबरोबर त्यांना मागें पाठविण्यांत आलें.

खेळ रचणारे पाणी विसरतात असें नाहीं. उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवरील १९७९ सालच्या एका अमेरिकन खेळांत इटालियन पलटणींना शेवयांसारखा त्यांचा पास्ता शिजविण्यासाठीं जादा पाणी देण्याचा नियम आहे! आमच्या पटावरहि पाण्याचा हिशेब आहे. पण तो उभ्या सोंगट्यांचा. उचललेल्या सोंगटीला तहान नाहीं. आणि ज्या अरबांची ती भूमि, त्यांना तर सोंगटीच नाहीं.

हा दोष एकट्या खेळाचा म्हणतां येत नाहीं. १९३९ मध्यें व्हाइसरॉयनीं हिंदी लोकप्रतिनिधींना न विचारतां हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें जाहीर केलें, तेव्हां साम्राज्याच्या पटावर आमचा शिपाई दुसरें काय होता?

मुलांचा खेळ मोडावा असें मला वाटत नाहीं. त्यांतून भूगोल व इतिहास दोन्ही कळतात. मीं एक नियम मात्र सुचविला: ती सोंगटी कांहीं डावांनीं ठाण्यापाशीं परत यावी, तिचें बळ शून्य असावें आणि तिनें ठाण्याचें पाणी प्यावें. “मग फ्रेंच बाजू हरेल,” थोरला म्हणाला.

त्याची शंका पटाच्या न्यायानें रास्त होती. परंतु त्या सहाशें जणांना पाणी पाजूनहि तें ठाणें १० जूनच्या रात्रीपर्यंत टिकलें, आणि त्या रात्रीं वेढा फोडून त्यांतील बहुतेक सैनिक बाहेर पडले.